मलावीत छोट्या शेतकऱ्यांबरोबर शेतावर प्रयोग कसा लावायचा (पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी)

कृषी पदवी झालीय, एखाद्या संस्थेतर्फे आफ्रिकेत जायचा चान्स आलाय आणि कामाच्या वर्णनात 'सहभागी संशोधन' असं काहीतरी भारदस्त लिहिलंय, तर हे तुमच्यासाठी. आफ्रिका हा एक देश नाही हे वेगळं सांगायला नको, इथिओपियाच्या डोंगरातला टेफवाला (टेफ म्हणजे तिकडचं बारीक दाण्याचं धान्य) आणि नायजरमधला बाजरीवाला यांचं शेतीत एकमेकांशी काहीच जुळत नाही, म्हणून मी सगळं मलावी धरून सांगतो. शेतकऱ्याच्याच रानात त्याच्यासोबत प्रयोग करायची जी पद्धत आता बऱ्याच देशांत चालते तिचा मोठा भाग तिथे घडला, आणि शिवाय तिथे मका आहे, भुईमूग आहे, तूर आहे, म्हणजे आपल्याकडचा माणूस शेतात उभा राहिला तर निदान पीक तरी ओळखतो.

जायच्या आधी

पाऊस एकदाच. नोव्हेंबरच्या शेवटाला नाहीतर डिसेंबरात पेरणीचा पाऊस येतो, मार्च-एप्रिलपर्यंत संपतो, पुढे सात-आठ महिने कोरडे. बहुतेक घरांकडे जमीन एक हेक्टरच्या आत, बैल क्वचितच दिसतात, सगळं काम हातातल्या कुदळीवर. वरंबे पाऊस यायच्या आधी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात हाताने ओढून ठेवतात आणि त्यावर मका टोकतात. जानेवारी-फेब्रुवारी हे उपासमारीचे महिने, मागचा मका संपलेला आणि नवा अजून हिरवा, मग गरीब घरातली माणसं दुसऱ्याच्या रानात रोजंदारीला जातात (त्याला तिकडे गान्यू म्हणतात) आणि नेमकी तेव्हाच स्वतःच्या शेतातली खुरपणी राहते. हे कॅलेंडर नीट डोक्यात बसवा, कारण जानेवारीत जास्तीची मजुरी मागणारं कुठलंही 'सुधारित तंत्र' कागदावर कितीही भारी दिसलं तरी तिथे आपटतं.

परवानग्यांचं आधीच बघा. परदेशी माणसाला संशोधनाची परवानगी लागते, ती तुमची संस्था काढेल पण ती खरंच काढलीय का हे स्वतः विचारा. आणि घरचं तुरीचं चांगलं वाण आहे म्हणून बियाणं बॅगेत टाकून नेऊ नका, प्लीज. रोग-किडी अशाच पोचतात. लष्करी अळी २०१६ ला आफ्रिकेत पहिल्यांदा दिसली आणि २०१८ ला आपल्याकडच्या मक्यात, समुद्र मधे असून.

गावात शिरताना

आधी सरकारी कृषी सहायक, मग गावप्रमुख. प्रमुखाच्या वर अनेक गावांचा प्रमुख असतो आणि त्याच्याही वर ट्रॅडिशनल ऑथॉरिटी, यातल्या कुणालाही टाळून काम सुरू केलंत तर कुणी भांडणार नाही, फक्त मीटिंगला कुणी येणार नाही. बाईला 'आमायी', पुरुषाला 'बाम्बो', म्हाताऱ्या माणसाला 'आगोगो' म्हणायचं, आणि ख्यालीखुशाली पूर्ण झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. हे शब्द चिचेवा भाषेतले, उत्तरेत तिच्याऐवजी तुंबुका चालते, तेव्हा दुभाष्या तिथलाच घ्या. गावात मयत झालं की त्या दिवशी शेतात कुणी जात नाही आणि तुम्हीही मीटिंगचा आग्रह धरायचा नाही, उलट जाऊन बसायचं.

पैशाचा विषय पहिल्याच दिवशी मोकळा करा. बऱ्याच प्रोजेक्टवाल्यांनी मीटिंगला बसायचे भत्ते देऊन देऊन अशी सवय लावून ठेवलीय की लोक प्रयोगासाठी आलेत की भत्त्यासाठी हे कळेनासं होतं. माझं मत, बियाणं द्या, मीटिंग लांबली तर जेवण द्या, प्रयोगामुळे पीक बुडालं तर किती भरपाई ते आधी ठरवून सगळ्यांसमोर सांगा, आणि बाकी हात आखडता ठेवा.

प्रश्न कुणाचा?

इथे नवीन पोरं घाई करतात. प्रोजेक्टच्या प्रपोजलमध्ये प्रश्न आधीच लिहिलेला असतो, 'जमिनीची सुपीकता कमी', आणि मग गावात जाऊन तोच प्रश्न लोकांच्या तोंडून वदवून घेतात. असं न करता आधी शिवार फेरी मारा, दोन-चार जणांसोबत पायी, आणि विचारा की हा तुकडा असा का, इथे मका पिवळा का, ते बांधाजवळ काय लावलंय. लोक आधीपासून प्रयोग करतच असतात हो. लष्करी अळी आली तेव्हा मक्याच्या पोंग्यात कुणी माती टाकून बघत होतं, कुणी राख, मलावीत तर काहींनी मासळीचं पाणी शिंपडून बघितलं, मुंग्या याव्यात आणि अळ्या खाव्यात म्हणून. यातलं काय चालतं काय नाही हा पुढचा भाग, पण गावात असं करून बघणारी माणसं कोण आहेत ते आधी शोधा.

मग बसून प्राधान्यक्रम. याला लॅपटॉप लागत नाही. झाडाखाली जमीन झाडून घ्यायची, काठीने चौकटी आखायच्या, आडव्या रांगेत पर्याय (नुसता मका, मका-तूर, भुईमूग-तूर, चवळी वगैरे) आणि उभ्या रांगेत लोकांनी स्वतः सांगितलेले निकष: पोट भरतं का, विकलं जातं का, काम किती, सरपण मिळतं का, पुढच्या वर्षी जमिनीला काय. प्रत्येक चौकटीत एक ते पाच मक्याचे दाणे ठेवायला सांगा. बायकांचा गट वेगळा आणि पुरुषांचा वेगळा बसवा, एकत्र बसवलंत तर बायका दाणे ठेवतील पण पुरुषांकडे बघून. चौकट भरली की लगेच फोटो काढा कारण कोंबड्या वाट बघत असतात. आणि खरी माहिती आकड्यात नसते, ती वादात असते. एखादी बाई ठेवलेले पाच दाणे उचलून दोन करते तेव्हा 'का?' एवढंच विचारायचं आणि वहीत जसंच्या तसं उतरवायचं. तुरीच्या काड्या सरपणाला चांगल्या हा मुद्दा संशोधकाच्या यादीत नसतो, चूल पेटवणारीच्या यादीत मात्र तो वरच असतो.

ट्रायलची मांडणी: मदर आणि बेबी

१९९० च्या दशकात सीगलिंडे स्नॅप आणि इक्रिसॅटमधले (कोरडवाहू पिकांवर काम करणारी हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय संस्था) त्यांचे सहकारी मलावीत काम करत होते तेव्हा ही मांडणी उभी राहिली. कल्पना सोपी आहे. गावात मध्यवर्ती ठिकाणी एक मोठी ट्रायल, ती मदर. तिथे सगळे पर्याय, समजा सहा-आठ, शास्त्रीय पद्धतीने पुनरावृत्तीसकट, सारख्या मापाचे प्लॉट, संशोधकाच्या देखरेखीत. तिच्या भोवती दहा-पंधरा-वीस शेतकऱ्यांच्या स्वतःच्या रानात लहान ट्रायली, त्या बेबी. प्रत्येक शेतकरी मदर बघून त्यातले दोन-तीन पर्याय स्वतः निवडतो, ते लावतो, आणि शेजारी स्वतःच्या नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट ठेवतो. बेबीत पुनरावृत्ती नसते, कारण प्रत्येक शेतकरी हीच एक पुनरावृत्ती धरायची.

मदरमध्ये वेळेवर खुरपणी होते, खत मापात पडतं, त्यामुळे पीक काय देऊ शकतं ते तिथे दिसतं. बेबीत घरात आजारपण आलं, खुरपणी तीन आठवडे उशिरा झाली, शेजारच्याची बकरी शिरली. काही जणांना हा 'खराब डेटा' वाटतो आणि ते अशी शेतं काढून टाकतात. अजिबात काढू नका. ज्यांची खुरपणी उशिरा झाली त्यांच्याकडे कुठला पर्याय तग धरून राहिला हाच तर प्रश्न आहे. फक्त का उशीर झाला ते लिहून ठेवा.

आता शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट, यावर जरा थांबतो. सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. एकतर नव्या प्रयोगाला घराजवळची काळी कसदार जमीन मिळते आणि जुन्या पद्धतीला कोपऱ्यातला मुरमाड तुकडा, मग नवीन जिंकणारच. नाहीतर उलटं होतं, शेतकरी पाहुण्यांचा मान राखायला नेहमीच्या प्लॉटलाही कधी नव्हे ते खत घालतो. उपाय असा की सगळे प्लॉट एकाच उतारावर एकाला एक लागून, कुठल्या प्लॉटला काय ते चिठ्ठ्या टाकून त्याच्यासमोर ठरवायचं, आणि 'मागच्या वर्षी केलं तसंच कर' हे तीनदा सांगायचं. मागच्या वर्षी खत टाकलं नव्हतं तर यंदाही नाही. १० बाय १० मीटरचा प्लॉट पुरे. त्यापेक्षा मोठा मागितलात तर ज्याच्याकडे दोन एकरसुद्धा नाही त्याच्या घरातला मका तुम्ही प्रयोगाला लावताय हे लक्षात असू द्या.

पर्याय काय ठेवायचे

मलावीत जे टिकलं ते भुईमूग आणि तूर एकाच वरंब्यावर, पुढच्या वर्षी त्याच जागी मका. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. तूर पहिले दोन-तीन महिने हळूहळू वाढते, तोवर भुईमूग आपलं उरकून घेतो, भुईमूग निघाला की तूर उरलेल्या ओलीवर मोकळी वाढते, खाली पाला पाडत राहते आणि जुलै-ऑगस्टच्या आसपास काढणीला येते. दोन्हीकडून नत्र, दोन्हीकडून खायला. मग मक्याला बेवड मस्त मिळतो. २०१० ला छापून आलेल्या मलावीतल्या अभ्यासात अशा शेंगवर्गीय पिकांनंतरच्या मक्याने अर्ध्या खतात पूर्ण खताच्या नुसत्या मक्याची बरोबरी केली होती, आणि वर्षावर्षाचा चढउतारही कमी होता. जिथे खताचं पोतं सरकारी अनुदानावर मिळालं तरच परवडतं, तिथे अर्धं पोतं वाचणं म्हणजे काय ते सांगायला नको.

पण याच ट्रायलींमध्ये खाजकुइलीच्या जातीतली म्युकुनापण होती आणि शरपुंख्याच्या कुळातलं टेफ्रोशियापण. जमिनीला म्हणाल तर म्युकुना जबरदस्त. लोकांनी मात्र फारसं उचललं नाही, कारण त्याच्या बिया पाणी बदलून बदलून तासन्तास शिजवल्याशिवाय खाता येत नाहीत, आणि टेफ्रोशिया तर खायचंच नाही, ते मासे मारायला वापरतात. अर्धा हेक्टर जमीन असलेल्या घराने एक अख्खा हंगाम जमिनीला जेवण घालायचं आणि स्वतः काय खायचं? 'नको' हे उत्तर आलं की ते निकालाच्या तक्त्यात निकाल म्हणून लिहायचं, 'जनजागृतीची गरज' असं त्याचं रूपांतर करायचं नाही.

आणि तूर ठेवणार असाल तर बकऱ्यांचं आधी बोला. मध्य आणि उत्तर मलावीत मका निघाला की बकऱ्या मोकळ्या सोडतात, आणि तेव्हा शिवारात हिरवं उभं असतं ते फक्त तुमच्या ट्रायलमधली तूर. दक्षिणेत मक्यात तूर घ्यायची पद्धत जुनी आहे त्यामुळे तिथे तूर काढेपर्यंत बकऱ्या बांधायची सवय बऱ्यापैकी असते. बाकी ठिकाणी हा गावप्रमुखाच्या अखत्यारीतला विषय, ऑक्टोबरातच त्यांच्यासमोर सगळ्या गावाचं ठरवून घ्या, एकट्या ट्रायलवाल्याने कुंपण करून भागत नाही. मर रोगाला बळी न पडणारं वाण घ्या हे आहेच. जमिनीत टारफुला असेल (मक्याच्या बुडाशी लाल फुलांचं ते परजीवी तण, आपल्याकडे ज्वारीत येतं तेच) तर प्लॉट आखताना तो नकाशावर खुणावून ठेवा, नाहीतर मागून कळणार नाही फरक कशाने पडला.

हंगामात

पेरणी, उगवण, खुरपणी, खत, फुलोरा, काढणी यांच्या तारखा आणि कामाला कोण किती वेळ, एवढी नोंद पुरते. शेतकऱ्याने स्वतः ठेवली तर उत्तम, लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोरगं लिहितं. पर्जन्यमापक गावातच एखाद्याच्या अंगणात लावा. फेब्रुवारीत सगळ्यांना घेऊन एकमेकांच्या शेतात फेरी, आणि तिथे बोलायचं काम शेतकऱ्याचं. तुम्ही गप्प.

वजन करताना

ताणकाटा, प्लास्टिकची पोती, टेप आणि ओलावा मोजायचं यंत्र. कडेचे वरंबे सोडायचे, मधले चार वरंबे, प्रत्येकाचे ५ मीटर, वरंब्यातलं अंतर ७५ सेंटीमीटर असेल तर क्षेत्र झालं १५ चौरस मीटर. समजा दाणे ६ किलो भरले, तर हेक्टरी ४,००० किलो. पण ओलावा २० टक्के आला असेल तर १२.५ टक्क्यांवर आणायला ६ ला ८० ने गुणून ८७.५ ने भागा, येतात साधारण ५.४९ किलो, म्हणजे हेक्टरी ३,६६० च्या आसपास, एकरी पावणेपंधरा क्विंटल. हा फरक लहान नाही. एका प्लॉटचा मका आज मोजला आणि शेजारचा दहा दिवस उन्हात पडून मग मोजला तर तुमचा निकाल म्हणजे उन्हाचा निकाल.

दुसरी एक गंमत, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातले हिरवी कणसं भाजून आणि ओल्या शेंगा उकडून खातात. चांगल्या प्लॉटमधूनच जास्त खातात, साहजिक आहे. काढणीच्या दिवशी तो प्लॉट कमी भरतो आणि तुम्ही लिहिता 'उत्पादन घटले'. त्यामुळे उपटलेली झाडं आणि मोडलेली कणसं मोजा, आणि विचारताना चोरी पकडल्यासारखं विचारू नका. भुकेच्या महिन्यात त्या प्लॉटने घर जगवलं हीसुद्धा नोंद आहे, आणि माझ्या मते पोत्यांच्या आकड्यापेक्षा मोठी.

मत घेताना

'कसं वाटलं?' विचारलंत तर 'छान' येणार. पाहुण्याला कोण वाईट म्हणेल. म्हणून तुलना करायला लावा. वाणांसाठी ट्रायकॉट नावाची पद्धत चांगली चालते, दहा-बारा वाणांतली प्रत्येकाला फक्त तीन, पाकिटावर नाव नाही, नुसतं ए, बी, सी, आणि प्रश्न दोनच: यातलं सगळ्यात चांगलं कुठलं, सगळ्यात वाईट कुठलं? उगवण, कीड, उत्पादन, चव, प्रत्येकासाठी तेच दोन प्रश्न. शेकडो शेतकऱ्यांची अशी उत्तरं एकत्र केली की सगळ्या वाणांचा क्रम लागतो. ही पद्धत आपल्याकडे बिहारमध्येही वापरून झालीय.

आणि स्वयंपाकघरापर्यंत जा. मलावीत आधी जे संकरित मके आले ते मऊ दाण्याचे होते, उत्पादन चांगलं, पण बायका उखळात कांडायला लागल्या की कोंड्याबरोबर पीठही जायचं, आणि साठवणीत सोंडे लागायचे. पांढरं स्वच्छ पीठ नाही तर न्सिमा (मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं रोजचं जेवण) कसला. शेवटी १९९० मध्ये कडक दाण्याकडे झुकणारे एमएच १७ आणि एमएच १८ हे संकर आले तेव्हा घराघरांत संकरित मका शिरायला लागला. रवांडात तर १९८० च्या दशकाच्या शेवटी घेवड्याच्या वाणांची निवड करायला गावातल्या जाणत्या बायकांनाच संशोधन केंद्रावर बोलावलं, आणि त्यांनी निवडलेली वाणं त्यांच्या रानात शास्त्रज्ञांच्या निवडीपेक्षा चांगली निघाली.

बाजार

हा भाग आपल्या लोकांनी तरी विसरू नये. मलावीतली तूर मोठ्या प्रमाणात भारतात येते. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली, कारण इकडे बंपर पीक होऊन खरेदी केंद्रांवर बारदान नाही म्हणून शेतकरी रांगेत उभे होते. तिकडे मलावी-मोझांबिकमध्ये भाव कोसळले. ज्याला तुम्ही नोव्हेंबरात तूर लाव म्हणालात त्याला हे पुढच्या हंगामात भोगावं लागतं. पुढे २०२१ ला भारताने मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन घ्यायचा पाच वर्षांचा करार केला, पण करार संपतात, धोरणं फिरतात. म्हणून गटात बोलताना 'भाव पडला तर ही तूर घरात कशी खाल?' हा प्रश्न पहिल्याच वर्षी घ्या. उत्तरेत एकवेंडेनीच्या मिशन हॉस्पिटलमधून २००० साली सुरू झालेल्या कामात हे छान जमलं, तिथे कुपोषित मुलं दवाखान्यात येत होती तिथून विषय शेतीकडे गेला, शेतकऱ्यांचीच संशोधन टीम झाली, आणि पाककृतींचे दिवस ठेवले जिथे पुरुषही चुलीपाशी उभे राहिले. बाळाला काय भरवायचं हे आजी ठरवते असं कळल्यावर आज्यांनाही चर्चेत घेतलं.

दुसऱ्या वर्षी

एका हंगामावरून काही सांगू नका. २०१९ च्या मार्चमध्ये इडाई आणि २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी ही वादळं दक्षिण मलावीत काय करून गेली, आणि लगेच २०२३-२४ ला एल निनोचा दुष्काळ. निकाल इंग्रजी पीडीएफमध्ये पुरून टाकायच्या आधी गावात घेऊन जा, मोठ्या कागदावर, प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या प्लॉटचे आकडे वेगळे हातात. वर पेपरात नाव टाकायचं तर विचारून.

ऑगस्टमध्ये पुन्हा फिरा, आणि यावेळी ट्रायलमध्ये नसलेल्यांच्या शेतात. कुणीतरी पाहून पाहून काहीतरी उचललेलं असतं, आणि ते तुमच्या मांडणीसारखं कधीच नसतं. एखाद्याने तूर फक्त बांधाला लावलेली असते, एखादीने भुईमुगाऐवजी तुरीखाली चवळी घातलेली असते. तिच्याकडे बसा, का केलं ते विचारा, आणि तिची हरकत नसेल तर येत्या पावसात मदर ट्रायलमध्ये एक प्लॉट तिच्या पद्धतीचा ठेवा.